घर मिळाले म्हणजे गाव सावरले असे नाही

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे गणपती विसर्जन करून उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी असताना जमीन हादरली आणि काही क्षणांत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव अशी गावे दगडमातीचा ढीग झाली. जवळपास ८ हजार माणसे गेली. सुमारे १६ हजार जखमी झाली. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

या गोष्टीला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मग आज आरोग्याच्या पानावर किल्लारी कशाला, आणि तीही रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला? याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की १९९३ पूर्वी भूकंपाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जिथे होणार नाही असे धरून चालले होते, तिथेच तो झाला. आपण तर कोयनेपासून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाचे हादरे कोकणातही बसले होते.

दुसरे कारण असे, की घर पडण्यासाठी जमीनच हलावी लागते असे नाही. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. हे सगळे आपल्याच जिल्ह्यातले आहे. अशा वेळी मदतीचे ट्रक काही दिवस येतात. त्यानंतरची वर्षे कशी जातात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. किल्लारीची वर्षे आपल्यासमोर आहेत, म्हणून त्यांच्याकडे पाहायचे.

आम्हाला या लेखात मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. आपत्तीनंतर माणसाची तब्येत जितकी दवाखान्यात ठरते, तितकीच ती पुनर्वसनाच्या यादीत ठरते. कोणाला किती खोल्या मिळाल्या, नळ किती दूर लागला, शेजार कोणाचा मिळाला, कागद कोणाच्या नावावर निघाला, यावर पुढच्या वीस वर्षांचे दुखणे-खुपणे अवलंबून असते. म्हणून पंचनामा, यादी आणि ग्रामसभा हे आम्ही आरोग्याचेच विषय मानतो.

माणसे कशाने गेली

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या आसपास मोजली गेली. जगात याहून मोठे कितीतरी भूकंप होतात आणि तिथे इतकी माणसे जात नाहीत. इथे गेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत बांधलेले नव्हते. हादरा बसताच भिंत फुगली, फाटली आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. नाकातोंडात माती जाऊन गुदमरलेल्यांची संख्या मोठी होती. या उलट, गवताच्या छपराखाली किंवा पत्र्याच्या झोपडीत राहणारे पुष्कळ जण वाचले. ज्याला मोठे, मजबूत घर समजत होते तेच अंगावर आले.

आपल्याकडे माळवद नाही. चिऱ्याच्या भिंती, वर कौले किंवा पत्रा, आणि अलीकडे हौसेने घातलेला स्लॅब. तरी तीन गोष्टी आपणही बघाव्यात. चिरा मातीत रचला आहे की सिमेंटमध्ये? दाराच्या वरच्या पातळीला चारही भिंतींवरून सलग फिरणारा सिमेंट-सळईचा पट्टा आहे का? आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवले आहेत का? हे दगड वाऱ्यात पत्रा धरतात, पण घर हलले की तेच डोक्यात पडतात. पत्रा हुकाने किंवा पट्टीने वाशाला घट्ट आवळून घ्यावा. जुन्या कच्च्या भिंतीवर स्लॅब तर कधीच घालू नये. गवंड्याला हे विचारायला लाजू नका.

जखम भरते, पण दुखणे राहते

भूकंपानंतर पहिल्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष जीव वाचवण्यावर असते. ते बरोबरच आहे. पण शुश्रूषेच्या कामातून आलेल्या आमच्यासारख्यांना माहीत असते, की खरे काम टाके काढल्यावर सुरू होते.

ढिगाऱ्याखाली बराच वेळ पाय किंवा मांडी चेंगरून राहिली, तर स्नायू आतून मरतात. माणूस बाहेर काढल्यावर बोलतो, चहा मागतो, बरा वाटतो. पण मेलेल्या स्नायूंतले विषारी द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लघवी कमी होणे किंवा काळ्या चहासारखी होणे ही खूण. असा माणूस वरवर धडधाकट दिसला तरी त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायचे. जाताना दबलेला वेळ किती होता, हे डॉक्टरांना सांगायचे.

कण्याला मार लागलेल्या माणसाला उचलताना पाठ वाकू द्यायची नाही. दार, फळी, शिडी, मिळेल त्यावर सरळ निजवून चार-पाच जणांनी मिळून न्यायचे. घाईने हातपाय धरून उचलले, तर अर्धवट दुखावलेला कणा कायमचा निकामी होऊ शकतो.

कमरेखाली लुळा झालेला माणूस घरी आला की पुढची सगळी वर्षे बहुधा घरातल्या बाईवर येतात. तिला कोणीतरी शिकवले पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, कंबरेच्या बाजू रोज बघायच्या. तिथे लाल डाग दिसला आणि दाबल्यावरही तो फिका झाला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची आणि त्या बाजूवर भार देणे थांबवायचे. चादर कोरडी आणि सुरकुतीशिवाय ठेवायची. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कंबरेच्या खाली लटकवायची, नळी हाताळण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि ताप आला किंवा लघवी गढूळ झाली तर आरोग्य केंद्रात जायचे. अशा रुग्णांचा जीव पुष्कळदा मूळ जखमेने जात नाही. अंथरुणावरची जखम चिघळून किंवा लघवीचा संसर्ग वाढून जातो, आणि तो टाळता येतो.

हाड बसवल्यानंतर सांधा हलवायला शिकवले नाही तर हात-पाय आखडतो. आखडलेल्या हाताने मासळी सोलता येत नाही, भाताची लावणी करता येत नाही, की गवंड्याच्या हाताखाली घमेले उचलता येत नाही. हातावर पोट असलेल्या घरात हे अपंगत्व थेट ताटात दिसते. म्हणून फिजिओथेरपी ही चैन नाही, औषधच आहे. कायमचे व्यंग राहिले तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावे. व्यंग ४० टक्के किंवा अधिक असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे आरक्षण आणि बऱ्याच योजना लागू होतात.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्यांना आपत्तीत काहीच लागले नाही, पण साखर, रक्तदाब, क्षय, फिट्स यांची गोळी रोज चालू होती, त्यांची गोळी त्या गोंधळात बंद पडते. क्षयाची गोळी मध्येच सुटली तर जंतू औषधाला जुमानेनासे होतात. फिट्सची गोळी एकदम थांबली तर झटके वाढतात. यांची नावे कोणत्याही जखमींच्या यादीत नसतात. ती आपणच लिहून ठेवायची असतात.

मनाला बसलेला हादरा

किल्लारीनंतर लवकरच डॉक्टरांच्या एका पथकाने तीन गावांतल्या थोड्या माणसांची मानसिक तपासणी केली. तपासलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांमध्ये उपचार लागावेत असा त्रास आढळला, आणि तो बायकांमध्ये जास्त होता. अशी माणसे वेडी झालेली नसतात. भिंत अंगावर आल्यावर हाड मोडते, तसे मनालाही मोडायला कारण असते.

त्रासाची लक्षणे ओळखायला डिग्री लागत नाही. झोप न लागणे, तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणे, ट्रक गेला तरी दचकणे, छपराखाली झोपायला न धजावणे, छातीत धडधड, चिडचिड, जेवणावरची वासना जाणे, ‘मीच का वाचलो’ असा विचार. आपल्याकडे बायका मनाचे दुखणे अंगाने सांगतात. डोके दुखते, हातापायांची आग होते, छाती भरून येते म्हणतात. त्यांना फक्त बाम आणि टॉनिक देऊन परत पाठवले जाते. लहान मुले बोलत नाहीत, पण अंथरूण ओले करू लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेत मागे पडतात.

पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होते, आणि झोप, जेवण, काम आणि माणसांची सोबत मिळाली की बऱ्याच जणांचे आपोआप कमी होते. घडलेले पुन्हा पुन्हा सांगायला कोणाला भाग पाडू नये. सांगावेसे वाटले तर मध्ये न बोलता ऐकावे. ‘विसरून जा’, ‘देवाची इच्छा’, ‘तुझे तरी दोन वाचले’ अशी वाक्ये टाळावीत. महिना उलटूनही त्रास तसाच असेल, कामावर जाणे बंद झाले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा कोणी केली तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

दारूचेही इथेच बोलले पाहिजे. भरपाईची रक्कम हातात एकदम पडली आणि काही घरांत ती दारूत गेली, असे किल्लारी परिसरात काम करणाऱ्यांनी सांगितले आहे. झोप येत नाही म्हणून पुरुष पितो, आणि मग घरातल्या कोणालाच झोप लागत नाही. दुःखावर दारू हा इलाज नाही, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. पण नुसते पंचशील म्हणून दाखवून पिणारा थांबत नाही. त्याच्या झोपेचा, भीतीचा आणि रिकाम्या हाताचा इलाज आधी करावा लागतो. आणि भरपाई नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यावर घ्यावी, हा सल्ला आम्ही प्रत्येक घराला देतो.

अडीचशे, चारशे, साडेसातशे

आता घरांकडे येऊ. किल्लारीच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा कार्यक्रम हाती घेतला. देशभरातून संस्था घरे बांधायला आल्या. पूर्ण पडलेल्या ५२ गावांना नव्या जागी पक्की, भूकंपात टिकतील अशी घरे मिळाली. हे मोठे काम होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण घर केवढे मिळणार, हे ठरले कुटुंबाच्या जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर असलेल्यांना ४०० चौरस फूट. सात हेक्टरांवर असलेल्यांना ७५० चौरस फूट. घरात माणसे किती आहेत, हे माप नव्हते. गावात भूमिहीन कोण असतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. जमिनीची जुनी विषमता अशी नव्या भिंतींच्या मापात उतरली. आणि सारख्या मापाची घरे एकेका भागात बांधली गेल्याने, पुष्कळ ठिकाणी मोठ्या घरांचा भाग वेगळा आणि छोट्या घरांचा भाग वेगळा झाला.

याचा आरोग्याशी काय संबंध? अडीचशे चौरस फुटांत सहा-सात माणसे झोपतात, तेव्हा एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. घरात एकाला क्षय असेल तर गर्दी आणि कोंडलेली हवा दुसऱ्याला त्याच्या जवळ नेते. चूल त्याच खोलीत असेल तर धूर बाळाच्या छातीत जातो. आजारी माणसाला वेगळे निजवायला जागा नसते. वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला आडोसा नसतो. वरचा स्लॅब उन्हाळ्यात तापतो, म्हणून लोकांनी दारापुढे पत्र्याची शेड उभारली आणि संसार तिथे आला. पसरट आखलेल्या नव्या गावात काही जणांना शेत लांब पडले, पाणी अपुरे पडले. पाणी लांब गेले की पहिली कंबर बाईची जाते.

महाडला २० मार्च १९२७ ला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली ती पाण्यातल्या आपल्या वाट्यासाठी, माणुसकीच्या हक्कासाठी. नव्या वसाहतीचा नकाशा टेबलावर येतो तेव्हा पाण्याची टाकी कुठे आणि शेवटचा नळ कोणाच्या दारात, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला दाब सगळ्यात कमी असतो. शेवटचे घर आपले असेल तर जुलाबाची पहिली साथही आपल्या घरात येते.

कोकणात आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ चा संप आणि १९३७ साली बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक आपण अभिमानाने सांगतो. खोती गेली, पण कितीतरी बौद्धवाड्यांमध्ये आजही घर एकाचे आणि घराखालची जमीन कागदावर दुसऱ्याची आहे. निसर्ग वादळानंतर आम्ही वाड्यांमधून फिरलो तेव्हा हेच दिसले. नारळ-सुपारीच्या बागेची भरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळते. त्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईचा पुढच्या कित्येक वर्षांचा रोजगार झाडांबरोबर आडवा होतो, पण पंचनाम्यात तिचे नाव येण्याची जागाच नसते. तिचे जेवण कमी होते, मग रक्त कमी होते, आणि दोन वर्षांनी ती आरोग्य केंद्रात चक्कर येते म्हणून येते. तिच्या केसपेपरवर वादळाचा उल्लेख नसतो.

जे चांगले झाले तेही घ्यावे

किल्लारीत फक्त चुका झाल्या असे नाही. ज्या गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती, तिथे सरकारने घरे स्वतः बांधून दिली नाहीत. मालकाला हप्त्याहप्त्याने पैसे आणि अभियंत्याचा सल्ला दिला, आणि घर त्यानेच दुरुस्त करून मजबूत केले. भिंतीत आरपार दगड घालणे, वरून पट्टा बांधणे, माळवदाची माती उतरवणे ही कामे गावकऱ्यांनी शिकून घेतली. १३ जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरांचे असे काम झाले. ठेकेदाराने बांधून दिलेल्या घरापेक्षा आपण उभे राहून बांधून घेतलेले घर माणसाला जास्त आपले वाटते आणि त्यात झोपही लागते.

या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केले. कोणता हप्ता आला, सिमेंट किती लागते, पट्टा कुठे घालायचा, हे त्या घरोघर सांगत आणि लोकांच्या तक्रारी वर नेत. त्याआधी ज्या बाईला चावडीवर कोणी विचारत नव्हते, ती अभियंत्याशी बोलू लागली. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमधल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्राथमिक उपचार शिकवले. सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवले.

शेजाऱ्यांना एकत्र ठेवण्याचा धडा मात्र जपानकडून घ्यावा. १७ जानेवारी १९९५ ला तिथल्या कोबे शहरात भूकंप झाला. तात्पुरती घरे बऱ्याच अंशी सोडतीने दिली, म्हाताऱ्यांना प्राधान्य दिले. हेतू चांगला होता, पण जुना शेजार फुटला. पुढे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे बंद खोलीत मृत्यू होऊ लागले आणि कित्येकांचा पत्ता दिवसांनी लागला. २००४ साली निइगाताला भूकंप झाला तेव्हा त्यांनी वस्तीच्या वस्ती एकत्र हलवण्याकडे लक्ष दिले. हाक मारायला, गोळी घेतली का विचारायला शेजारी हवा. तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

पण शेजार एकत्र ठेवणे वेगळे, आणि जातीची जुनी सीमारेषा नव्या गावात आखणे वेगळे. नव्या वसाहतीत आपण एकमेकांजवळ राहू, पण गावाच्या बाहेर नाही, उताराला नाही, गटाराच्या तोंडाशी नाही. हे ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे आणि इतिवृत्तात लिहून घेतले पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे

गुजरातच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर मदत वाटताना दलितांना वेगळे वागवले गेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या कलम ६१ मध्ये म्हटले आहे की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे. मदत छावणीत पाण्याचा पिंप वेगळा ठेवला किंवा यादीतून वाडी वगळली, तर तहसीलदारांना अर्ज देताना या कलमाचा उल्लेख करावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

आणखी एक माहिती. किल्लारीच्या बाधित कुटुंबांना ‘भूकंपग्रस्त’ दाखला मिळाला आणि सरकारी नोकरभरतीत त्यांच्यासाठी २ टक्के समांतर आरक्षण ठेवले गेले. ज्यांनी कागद जपले त्यांच्या पुढच्या पिढीला त्याचा उपयोग झाला. पुनर्वसनाचा कागद आज निरुपयोगी वाटला तरी पंधरा वर्षांनी मुलाच्या उपयोगी पडू शकतो.

आपल्या वाडीने काय करावे

आपत्ती येण्याआधी: विहारात एक वही ठेवा. प्रत्येक घरात माणसे किती, गरोदर कोण, तान्हे बाळ कुठे, अंथरुणाला खिळलेले कोण, रोजची गोळी कोणाला आणि कोणती, हे त्यात लिहा. दर सहा महिन्यांनी आशाताईंना सोबत घेऊन ती नवी करा. घरपट्टीची पावती, नमुना नंबर ८ चा उतारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो मुंबईला असलेल्या मुलाच्या मोबाईलमध्येही ठेवा. भाड्याने किंवा दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्यांनी वीजबिल जपावे, तो राहण्याचा पुरावा असतो. घराचे चारही बाजूंनी फोटो आजच काढून ठेवा.

पहिला आठवडा: १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षासाठी. पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्या. वहीतल्या गोळीवाल्यांची नावे आरोग्यसेविकेला द्या. वाडीतले दोन जण, त्यात एक बाई, पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासोबत शेवटच्या घरापर्यंत चालत जातील असे ठरवा. ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’ या एका शब्दाने रकमेत मोठा फरक पडतो. पंचनामा वाचून मगच सही करा.

पहिले वर्ष: मुलांची शाळा लवकरात लवकर सुरू करा, तंबूत भरली तरी चालेल. आठवड्यातून एकदा विहारात बायकांनी जमावे. वंदना झाल्यावर तासभर फक्त एकमेकींचे ऐकावे. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची घरे वाटून घ्या, रोज एकाने हाक मारायची. नव्या घरांचा नकाशा ग्रामसभेत मागा. घर माणसांच्या संख्येवर द्या, जमिनीवर नको, ही मागणी लेखी करा. शौचालय, पाणी, खिडकी आणि धूर जायला वाट, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय चावी घेऊ नका.

पुढची वर्षे: इथेच बहुतेकांचा हात सुटतो. दर वर्षी त्याच तारखेला आपण मेलेल्यांना श्रद्धांजली वाहतो. त्याच दिवशी जिवंत माणसांची वहीही उघडावी. दिव्यांग कोण आणि त्याला प्रमाणपत्र मिळाले का? कोणाची झोप अजून उडालेली आहे? कोणाची मुलगी शाळेतून काढून कामाला लावली? कोणाचे घर अजून कागदावर नाही? ज्या नावांपुढे उत्तर नसेल ती पुढच्या ग्रामसभेचा विषय करायची, आणि एकेका नावाची जबाबदारी वाडीतल्या एकेकाने घ्यायची.

वाडी सावरली की नाही हे कमानीवरून, रंगवलेल्या भिंतींवरून किंवा उद्घाटनाच्या फलकावरून ठरवू नये. वाडीतल्या सगळ्यात गरीब घरात जाऊन बघावे. तिथली बाई रात्री झोपते का, तिला दोन वेळ जेवायला मिळते का, तिच्या दारात पाणी येते का आणि घराच्या कागदावर तिचे नाव आहे का. ही वही सुरू करायला पैसे लागत नाहीत. येत्या रविवारी विहारात बसून पहिले पान लिहायला घ्या.